लग्नामागे कॅमेरा, की कॅमेऱ्यामागे लग्न?

जयंतीचा महिना सरत आला, शाळांना सुट्ट्या लागल्या की आपल्या वस्त्यांतून मंगल परिणयांची धामधूम सुरू होते. मुहूर्त आपण केव्हाच सोडला आणि रविवार धरला, कारण कामगाराच्या घरी रविवारइतका सोयीचा दिवस दुसरा नाही. एकेका रविवारी तीन-तीन पत्रिका हातात पडतात. पत्रिका द्यायला आलेले आईबाप घटकाभर टेकले की खर्चाचा विषय निघतोच. हॉल, जेवण, कपडे यांच्या पंगतीला हल्ली आणखी एक खर्च येऊन बसला आहे. तो म्हणजे शूटिंगचा.

आमचा पेशा कारकुनीचा. जमा-खर्च मांडल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. म्हणून अशा आईबापांना आम्ही विचारतो, शूटिंगला किती ठरले? मग कागद पुढे येतो. दोन फोटोवाले, दोन व्हिडिओवाले, एक ड्रोन, एक क्रेन, हॉलमध्ये एलईडीची भिंत, आणि लग्नाआधी मुलामुलीला एखाद्या किल्ल्यावर किंवा समुद्रकाठी नेऊन काढायचे 'प्री-वेडिंग'. असे पॅकेज लाखाच्या पुढे सहज जाते. पैसे कुठून आणणार, तर पतपेढीतून. म्हणजे तीन तासांच्या फिल्मसाठी तीन वर्षे पगारातून हप्ता कापला जाणार! ती फिल्म घरात किती वेळा बघितली जाते, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

शूटिंग करूच नये, असे आमचे म्हणणे नाही. उलट ते जरूर करावे. गरिबाच्या घरी सगळे नातेवाईक, सगळे शेजारी, गावची आणि मुंबईची माणसे एकाच दिवशी एकत्र येतात ती लग्नातच. त्या दिवसाची खूण घरात राहिली पाहिजे. आमचे म्हणणे एवढेच की कॅमेऱ्याने लग्नाच्या मागून जावे, लग्नाने कॅमेऱ्याच्या मागून जाऊ नये. आणि आज मुठीत मावणारे हलके कॅमेरे आल्यामुळे ही गोष्ट आपल्या आवाक्यात आली आहे.

खांद्यावरून मुठीत

ज्यांची लग्ने १९९० च्या आसपास झाली त्यांना तो थाट आठवत असेल. व्हिडिओवाल्याच्या खांद्यावर व्हीएचएसचा कॅमेरा, बॅटरी धरून अडीच-तीन किलोचा. त्याच्या मागे हॅलोजनचा दिवा उंच धरलेला एक पोरगा. दिव्याची वायर मांडवभर लोळायची, म्हातारी माणसे तिच्यात अडखळायची. उजेड असा की नवरीच्या डोळ्यांतून पाणी यायचे आणि बायका म्हणायच्या, माहेर सुटते म्हणून पोरगी रडते! व्हिडिओवाला सांगेल तिथे थांबायचे. "हार पुन्हा घाला, कॅसेट बदलतोय," असे त्याने म्हटले की नवरानवरीने घातलेले हार काढून पुन्हा घालायचे. लग्नाचा मालक कोण, असा प्रश्न पडावा अशी त्याची हुकमत होती.

त्यात त्या माणसाचा दोष नव्हता. यंत्रच तसे होते. व्हीएचएस ही पद्धत जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ साली आणली. त्या काळच्या कॅमेऱ्यांना कमी उजेडात चित्र धड यायचे नाही, म्हणून हॅलोजन लागायचा. पुढे यंत्र लहान होत गेले. सोनीने १९८५ साली हॅन्डीकॅम हे नाव बाजारात आणले आणि १९८९ साली सुमारे ८०० ग्रॅम वजनाचा, पासपोर्टच्या आकाराचा म्हणून जाहिरात केलेला कॅमेरा काढला. १९९५ साली डीव्ही ही डिजिटल कॅसेट आली. २००८ साली निकॉन आणि कॅनन या कंपन्यांनी फोटोच्या कॅमेऱ्यातच व्हिडिओची सोय दिली. २०१८ साली डीजेआय कंपनीचा ऑस्मो पॉकेट हा कॅमेरा निघाला, त्याचे वजन सव्वाशे ग्रॅमसुद्धा नाही. गोप्रोचे कॅमेरे दीडशे ग्रॅमच्या आसपास. आणि बऱ्यापैकी मोबाईल तर आज घरोघरी आहेच. तीन किलोपासून सव्वाशे ग्रॅमपर्यंतचा हा प्रवास आमच्या डोळ्यांदेखत झाला.

पण गंमत पाहा. यंत्र लहान झाले आणि थाट मात्र मोठा झाला! हॅलोजनवाला पोरगा गेला, त्याच्या जागी क्रेन आली. मंचासमोर कॅमेऱ्यांची अशी फळी उभी राहते की पाहुण्यांना वधूवर दिसत नाहीत. समोर बसलेला मामा भाचीचे लग्न एलईडीच्या भिंतीवर पाहतो. त्याने गावाहून रात्रभर एस.टी.त बसून यायचे कशाला?

हलका कॅमेरा कुठे कुठे पोचतो

लहान कॅमेऱ्याचा पहिला गुण असा की त्याच्याकडे कोणी बघत नाही. मोठा कॅमेरा आला की माणूस पदर सारखा करतो, ताठ होतो, हसू आवरतो. मुठीतला कॅमेरा पाच मिनिटांत विसरला जातो. मग खरे लग्न दिसू लागते. हळदीच्या रात्री मावश्या-आत्या एकमेकींना ओढून नाचवतात. करवली नवऱ्याचे बूट लपवते. आजी नातीच्या कानात काहीतरी सांगते आणि दोघी हसतात. वरातीत बेंजो पार्टीचा ठेका चढला की नवरदेवाचा गंभीर म्हणून ओळखला जाणारा काका रुमाल दातात धरून बसकण मारून नाचतो. या साऱ्या गोष्टी मोठ्या कॅमेऱ्याला सापडत नाहीत, कारण तो येईपर्यंत त्या संपलेल्या असतात.

दुसरा गुण आमच्या माता-भगिनींसाठी महत्त्वाचा. हळदीच्या खोलीत, नवरीला तयार करतात त्या खोलीत परका पुरुष दिवा घेऊन उभा राहिला की बायका अवघडतात. हलका कॅमेरा घरातली मुलगी धरू शकते. आमच्या वस्तीतल्या एका लग्नात नवरीच्या अकरावीत शिकणाऱ्या चुलत बहिणीने दोन दिवस हे काम केले. तिने टिपलेल्या हळदीत नवरीची आई आहे, जी एरवी कुठल्याच लग्नाच्या फिल्ममध्ये स्वयंपाकघराबाहेर दिसली नव्हती. पीठ मळणारे हात आहेत, आचारी आहे, पत्रावळी वाटणारी पोरे आहेत. लग्न ज्यांच्या अंगमेहनतीवर उभे राहते ती माणसे फिल्ममध्ये आली, हे आम्हाला फार मोलाचे वाटले.

आवाज गेला तर माणूस गेला

जुन्या कॅसेटींत एक वाईट रीत होती. मिक्सिंगवाला सगळ्या चित्रावर सिनेमाची गाणी चढवायचा. बदामाच्या आकारात नवरानवरीचे चेहरे फिरायचे आणि मागे गाणे वाजायचे. खरा आवाज पुसला जायचा. आमच्या ओळखीच्या एका घरी आजोबा वारले. त्यांचे बोलणे कुठे ऐकायला मिळेल म्हणून मुलांनी लग्नाची कॅसेट शोधून काढली. आजोबा चार सेकंद दिसले, आहेर देताना ओठ हलताना दिसले, आणि वर सिनेमातल्या गाण्याचा कडवा वाजत होता. ते काय म्हणाले, हे आता कोणालाच कळणार नाही.

म्हणून आमची पहिली सूचना अशी की गाणी हवी तर पाच मिनिटांच्या छोट्या फिल्मवर घाला, पण मूळ आवाजासकट सगळे चित्रीकरण वेगळे राखून ठेवा. दुसरी सूचना. एका मुलाला किंवा मुलीला फक्त ज्येष्ठांचे काम द्या. प्रत्येक वृद्धाजवळ जावे, दोन हातांवर बसावे आणि विचारावे, तुमचे नाव काय, गाव कोणते, नवरीचे तुम्ही कोण? अर्धा-अर्धा मिनिट पुरे. वीस माणसांचे दहा मिनिटे होतात. वीस वर्षांनी तीच दहा मिनिटे घरातले सगळ्यात मोठे धन ठरतील.

लहान कॅमेऱ्याची खरी उणीव आवाजातच आहे. त्याचा माईक चिमुकला. वरातीत स्पीकरच्या भिंतीसमोर उभे राहिलात तर आवाज फाटतो आणि नंतर तो कशानेही सांधता येत नाही. स्पीकरपासून लांब, त्याच्या बाजूला उभे राहा. विधीच्या वेळी कॉलरला लावायचा छोटा बिनतारी माईक नवरदेवाच्या कपड्यावर लावा. दोघांची प्रतिज्ञा त्यात स्वच्छ येते. तोही नसेल तर एक मोबाईल रेकॉर्डिंगवर लावून बौद्धाचार्यांच्या समोरच्या टेबलावर ठेवून द्या. आपला विधी अर्ध्या-पाऊण तासात आटोपतो. त्रिशरण-पंचशील, प्रतिज्ञा, पुष्पहार, मंगलगाथा, झाले. तो पुन्हा होत नाही आणि कोणी करायलाही सांगू नये. म्हणून त्याआधी माईक, बॅटरी, कार्ड तपासून तयार असावे.

पांढरे कपडे आणि आपले चेहरे

आता एक गोष्ट जरा समजून घ्या. आपल्या विधीत वधूवर पांढऱ्या वस्त्रांत असतात. कॅमेऱ्याचा आपोआप चालणारा मेंदू समोरचे सगळे दृश्य मध्यम उजेडाचे आहे असे धरून चालतो. पांढरे कपडे जास्त दिसले की त्याला वाटते उजेड फार झाला, आणि तो चित्र काळवंडून टाकतो. मग सावळे चेहरे अंधारात जातात. यावर व्हिडिओवाले सरसकट उजेड वाढवतात, तर साडीचे काठ, घड्या नाहीशा होऊन पांढरा डाग तेवढा उरतो. उपाय सोपा आहे. पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवा, उजेड त्या चेहऱ्याला धरून ठरू द्या आणि तिथेच कुलूपबंद करा. मंचावर समोरून एक साधा पांढरा दिवा असू द्या आणि विधी होईपर्यंत डीजेचे लाल-निळे दिवे बंद ठेवायला सांगा.

यापुढची गोष्ट मात्र यंत्राची नाही, मनाची आहे. फिल्म तयार करताना 'ग्लो' मारण्याची पद्धत पडली आहे. नवरीचा रंग धुऊन गोरा करायचा. मुलगी स्वतःला ओळखू नये इतकी! हा रोग जुना आहे. अमेरिकेच्या कोडॅक कंपनीने १९५० च्या दशकापासून रंगीत छपाईचा रंग ठरवायला जी कार्डे वाटली, त्यांवर गोऱ्या बाईचे चित्र असे. त्यांना 'शर्ली कार्ड' म्हणत. तिचा रंग बरोबर आला की फोटो बरोबर, असा हिशेब. काळ्यासावळ्या माणसांचे चेहरे त्या हिशेबात धरलेच नव्हते. निरनिराळ्या वर्णांचे चेहरे त्या कार्डांवर यायला १९९० चे दशक उजाडावे लागले. आज यंत्रे सुधारली, सावळा चेहरा सावळाच आणि सुंदर येऊ शकतो. तेव्हा व्हिडिओवाल्याला स्पष्ट सांगा, आमच्या माणसांचे रंग बदलू नका. उन्हातान्हात राबून आणलेला तो रंग लपवण्याजोगा नाही.

हाताळणीच्या चार गोष्टी

आमच्या विहारातल्या पोरांशी बोलून, त्यांचे काम पाहून जमा केलेल्या या सूचना आहेत. कात्रण काढून ठेवायला हरकत नाही.

लहान कॅमेऱ्याची भिंग बहुधा रुंद दृश्य धरणारी असते. लांबून सगळे चिमुकले दिसते. म्हणून जवळ जा, तीन-चार फुटांवर. मात्र चेहरा चौकटीच्या कडेला घेऊ नका, तो ताणल्यासारखा दिसतो. मोबाईलवर बोटांनी झूम करू नका, चित्र फुटते. झूम पायांनी करावा.

कॅमेरा इकडे-तिकडे भिरभिरवू नका. एक दृश्य दहा सेकंद स्थिर धरा, मग दुसऱ्याकडे वळा. चालताना गुडघे किंचित वाकवून चाला. कॅमेऱ्यात धक्के शोषणारी सोय असली तरी उड्या ती शोषत नाही. वरातीत मनगटाला दोरी बांधा.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. अनेक कॅमेऱ्यांत ५० की ६० असे विचारलेले असते. तिथे ५० ठेवा. नाहीतर ट्यूबलाईट आणि एलईडीच्या उजेडात चित्रावरून काळे पट्टे सरकत राहतात.

बारीक कॅमेऱ्याची बॅटरीही बारीक. तास-दीड तासात ती मान टाकते. तीन बॅटऱ्या किंवा एक पॉवर बँक हवी. मे महिन्याच्या उन्हात यंत्र तापून आपोआप बंद पडते, तेव्हा ते सावलीत ठेवा आणि मधूनमधून बंद करा. ६४ जीबीच्या कार्डावर चांगल्या प्रतीचे फुल एचडी चित्रीकरण सुमारे पावणेतीन तास बसते, फोर-के घ्याल तर त्याच्या निम्मेच. घरच्या टीव्हीवर पाहायला फुल एचडी पुष्कळ झाले. हळदीच्या दिवशी भिंगावर पिवळे बोट उमटतेच, खिशात सुती रुमाल ठेवा.

पावती, परवानगी आणि जपणूक

बाहेरचा व्हिडिओवाला लावणार असाल तर जरूर लावा, त्याचेही पोट त्यावर आहे आणि आपल्या समाजातली कितीतरी पोरे या धंद्यात उभी राहिली आहेत. पण एक माणूस, एक कॅमेरा आणि एक दिवस एवढेच ठरवा. बाकीचे घरचे हात करतील. व्यवहार लेखी करा. किती तासांचे काम, फिल्म कधी मिळणार, सगळे कच्चे चित्रीकरण देणार की नाही, हे कागदावर घ्या. पैसे एकदम देऊ नका आणि पावती घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोची आणि फिल्मची पहिली मालकी पैसे देणाऱ्याची असते, हे लक्षात ठेवा. पैसे घेऊन काम न देणाऱ्याविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. ग्राहक मदतीचा राष्ट्रीय क्रमांक १९१५ आहे.

घरच्या पोरांनाही एक शिस्त हवी. कॅमेरा हातात आला म्हणजे मावशीचा नाच गावभर पाठवायचा परवाना मिळाला असे नाही. हळदीच्या खोलीतले चित्रीकरण त्या बायकांना विचारल्याशिवाय मोबाईलच्या स्टेटसवर जाऊ नये. कोणी 'नको' म्हटले की कॅमेरा खाली. आणि विधी चालू असताना पाहुण्यांनी मोबाईल खिशात ठेवावेत, अशी सूचना बौद्धाचार्यांनी आधीच द्यावी. वधूवरांच्या समोरची वाट आईवडिलांसाठी मोकळी हवी.

शेवटचे काम जपणुकीचे. त्याच रात्री कार्डावरचे सगळे दोन ठिकाणी उतरवा, आणि त्यातले एक दुसऱ्या घरी ठेवा. व्हॉट्सअॅपवरून पाठवलेला व्हिडिओ आकसून खराब होतो, तो मूळ प्रत समजू नका. ज्यांच्या माळ्यावर जुन्या व्हीएचएस कॅसेटी आहेत त्यांनी तर आता थांबूच नये. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, हिने २०१६ साली उत्पादन बंद केले. कॅसेट लावायला यंत्रच मिळेनासे होत चालले आहे. मुंबईच्या दमट हवेत फितीवर बुरशी धरते. पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट घरच्या व्हीसीआरमध्ये घालू नका, फीत तुटेल आणि यंत्रही बिघडेल. जाणकाराकडून साफ करून पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. त्या फितीत कोणाची आई आहे, कोणाचा भाऊ आहे, आणि ती माणसे पुन्हा बोलावता येत नाहीत.

प्रत्येक विहाराने, प्रत्येक महिला मंडळाने थोडी वर्गणी काढून एक हलका कॅमेरा, एक माईक आणि चार कार्डे घेतली तर वस्तीतल्या सगळ्या लग्नांना ती पुरतील. मात्र त्याची वही ठेवा. कोणी नेला, केव्हा परत आणला, काय मोडले, हे लिहिले गेले नाही तर वर्षभरात कॅमेरा कोणाच्या तरी कपाटात मुक्कामाला जातो. दोन मुली आणि दोन मुलगे शिकवून तयार करा. त्यांतल्या एखाद्याची पुढे रोजीरोटीही होईल. आणि पतपेढीचे जे कर्ज वाचेल ते नव्या जोडप्याच्या नावाने बँकेत टाका. पासबुक हा आहेर कोणत्याही फिल्ममध्ये शोभून दिसतो.

जयभीम!